जर्सीचा मुंढा

गावचा फुटबॉल क्लब चौथ्या श्रेणीत होता, कारण पाचवी श्रेणी अस्तित्वातच नव्हती. दर मोसमाअखेर क्लब तळाला जायचा आणि तळाखाली काही नसल्यामुळे तिथेच मुक्काम करायचा. अध्यक्ष याला सातत्य म्हणत.

या सातत्याला गोलमध्ये उभं राहून टेकू देण्याचं काम टेलरमास्तर करत. ऐन उमेदीत लोकांनी त्यांचं नाव 'भिंत' ठेवलं होतं, आणि ते उगाच नव्हतं. एका मोसमात तर क्लब तिसऱ्या श्रेणीच्या उंबऱ्याला पाय लावून परत आला होता. आता मास्तरांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. नाव तेच राहिलं होतं, पण खालचा चेंडू अडवायला भिंत वाकेपर्यंत चेंडू जाळ्यात जाऊन विसावलेला असायचा. शेजारचा सलूनवाला प्रेक्षकांत बसून, भिंतीला ओल आली आहे, असं दर सामन्याला जाहीर करायचा आणि सामना संपल्यावर मास्तरांचे केस नेहमीच्याच आपुलकीने कापायचा.

मास्तरांना हे निदान मान्य नव्हतं. त्यांच्या मते बचावफळी ढिली होती, मैदान एका अंगाला उतरतं होतं आणि हल्लीचे चेंडू पूर्वीसारखे सरळ येत नव्हते. आणखी दोन मोसम तरी आपण आरामात काढू, असं ते जेवताना बायकोला सांगत. ती त्यांच्या ताटात वाढत राहायची. होही म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही.

क्लबची एक जुनी रीत होती. कुणालाही संघातून काढलं, तर तसं त्याला सांगायचं नाही. ज्याचं त्याला आपोआप कळावं, अशी त्यामागची सभ्य अपेक्षा. मागे एका सेंटर फॉरवर्डला ते कळायला दीड मोसम लागला. तोवर तो बाकावर बसून, साहेब मला मोठ्या सामन्यासाठी राखून ठेवतायत, असं सासुरवाडीला सांगत होता.

अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. वाईट बातमी सांगणं हा खरं तर त्यांचा रोजचा धंदा. दाढ काढावी लागेल, शेजारचीही जाणार, आणि चूक तुमचीच आहे, हे सगळं ते न अडखळता सांगत. पण त्यासाठी समोरच्याच्या तोंडात कापूस आणि दोन-तीन हत्यारं असावी लागत. ज्याला उलट उत्तर देता येतं अशा माणसापुढे त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची.

मास्तरांना आता थांबा म्हणून सांगायला ते पहिल्यांदा दुकानात आले, तेव्हा हवापाण्यावर बोलले आणि एका पँटचं माप देऊन गेले. दुसऱ्यांदा आले ते खूपच ठरवून. त्या वेळी त्यांनी कोटाचं माप दिलं. तिसऱ्यांदा त्यांनी दारातूनच, पहिल्या पँटसारखीच आणखी एक करा, असं सांगून पळ काढला. मास्तर बायकोला म्हणाले, डॉक्टरांच्या घरी लग्नकार्य निघालेलं दिसतंय.

अखेर तोड काढली प्रशिक्षकाने. त्याचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. शिकाऊ माणसाशेजारी बसून आयुष्य गेल्यामुळे मैदानाच्या कडेला उभा असतानाही तो संकट दिसलं की उजवा पाय जमिनीवर दाबायचा. तो म्हणाला, सांगायचं कशाला? गोलकीपरची जर्सी एकच आहे आणि ती मास्तरांच्या मापाची आहे. नव्या पोराला माप द्यायला दुकानात पाठवा. माप घेता घेता मास्तरांना समजेल. सगळ्यांना ही कल्पना फार नाजूक आणि माणुसकीची वाटली.

नवा पोरगा म्हणजे बेकरीवाल्याचा धाकटा. उंचीमुळे त्याला सगळे शिडी म्हणत. पहाटेपासून कणकेचे गोळे उचलून त्याचे पंजे फावड्याएवढे झाले होते. स्वभावाने इतका गरीब, की सरावात कुणाचा चेंडू अडवला तर आधी सॉरी म्हणायचा.

तो दुकानात आला तेव्हा मास्तर मशीनवर होते आणि बायको काजं करत बसली होती.

"काका, अध्यक्ष म्हणाले, माप देऊन ये."

"कशाचं रे?"

"जर्सीचं."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. "कुठल्या जर्सीचं?"

"तुमच्या," शिडी म्हणाला, आणि लगेच जीभ चावून, "म्हणजे क्लबच्या. तुम्हाला सांगितलंय ना त्यांनी?"

मास्तरांनी खुंटीकडे पाहिलं. तिथे अध्यक्षांच्या दोन पँटी आणि एक कोट, इस्त्री करून, ओळीने लटकत होते.

"हो," ते म्हणाले. "सविस्तर."

मग त्यांनी माप घेतलं. हातांना सवय होती, त्यामुळे ते थांबले नाहीत. ते आकडे सांगत गेले आणि बायको लिहीत गेली. छातीच्या आकड्याला तिने मान वर केली. नवऱ्याचं माप तिला झोपेतही सांगता आलं असतं, आणि हे ते नव्हतं. शिडी जायला निघाला तेव्हा तिने त्याला, आईला विचारलंय म्हणून सांग, एवढं म्हटलं.

ती जर्सी मास्तरांनीच लग्नाच्या वर्षी शिवली होती. जाड सुती कापड, कोपरांत भरलेलं अस्तर, आणि पुढेमागे सोडता यावी म्हणून प्रत्येक शिवणीच्या आत दुमडून ठेवलेली जादा कापडाची माया. तेव्हा तिचा रंग पिकल्या लिंबाचा होता. आता तो चहात बुडवलेल्या बिस्किटावर येऊन थांबला होता. कमरेची माया मास्तरांनी टप्प्याटप्प्याने वापरून संपवली होती. खांद्याची आणि मुंढ्याची मात्र जशीच्या तशी होती, कारण मास्तर वाढले ते फक्त मध्यभागी.

काम सरळ होतं. कमर आत घ्यायची, बाही सोडायची, खांदा सोडायचा, आणि हात जिथून आत जातो तो मुंढा चांगला मोकळा करायचा. मास्तरांनी कमर आत घेतली. बाही सोडली. खांदा सोडला. मुंढ्याशी आल्यावर त्यांचा पाय मशीनच्या पायडलवर थबकला. मोकळा करायचा मुंढा त्यांनी बोटभर आवळला, वरून दुहेरी टीप मारली आणि दोरा दातांनी तोडला. बाहेरून काही दिसत नव्हतं. हात खाली असेपर्यंत जर्सी दृष्ट लागावी अशी बसणार होती. पोरगा पहिल्या सामन्यात आपटला की प्रशिक्षकाला म्हाताऱ्या भिंतीची आठवण येणार होती, आणि बाकीचं मास्तर बघून घेणार होते.

आजवर त्यांच्या दुकानातून गेलेला कपडा बिघडला म्हणून परत आला नव्हता. पण हे गिऱ्हाइकाचं काम नाही, घरचं आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. इस्त्री करताना बायकोचा हात मुंढ्यावर जरा रेंगाळला. "अहो, इथे ओढतंय का?" तिने विचारलं. "नवी टीप आहे, सुटेल," मास्तर म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले.

रविवारी मास्तर राखीव गोलकीपर म्हणून बाकावर बसले. अंगात घरचा स्वेटर होता. बायको क्वचितच मैदानावर यायची, पण आज मोठी पिशवी घेऊन पहिल्या रांगेत येऊन बसली होती. अध्यक्ष नवी पँट घालून आले आणि मास्तरांपासून शक्य तितक्या लांब बसले.

पहिला चेंडू उंच आला. शिडीने उडी मारली, हात वर नेले, आणि ते कानांपर्यंत जाऊन अडकले. जर्सी वर गेली, पोट उघडं पडलं, चेंडू बोटांवरून आरामात आत गेला. दुसरा त्याहून सोपा होता आणि त्याहून आरामात गेला. प्रशिक्षकाने जमिनीवर पाय दाबला. काही थांबलं नाही.

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. मास्तरांनी चेहरा गंभीर ठेवला होता. तेवढ्यात मागून सलूनवाल्याचा आवाज आला.

"पोराला दोष देऊ नका रे. तो सदरा शिवलाय कुणी, ते विचारा आधी."

लोक हसले. भिंतीला ओल आली म्हटल्यावर मास्तरांना कधी राग आला नव्हता. तो खेळ होता. हे त्यांच्या कानात वेगळंच शिरलं. त्यांना उठून सांगावंसं वाटलं, की मला येतं, मी मुद्दाम बिघडवलाय. मग हे सांगण्यात फारशी शोभा नाही, हेही त्यांच्या लक्षात आलं.

मध्यंतराला सगळे कपडे बदलायच्या खोलीत आले. ती पूर्वी खतांचं गोदाम होती आणि ओल्या हवेत अजून तशी आठवण करून द्यायची. प्रशिक्षकाने मास्तरांना कोपऱ्यात घेतलं. "मास्तर, तयार व्हा. आता तुम्हीच उतरा." म्हणजे हवं होतं ते झालं होतं, आणि मास्तरांना वाटलं होतं त्याहूनही लवकर.

शिडी बाकड्यावर मान खाली घालून बसला होता. मास्तर जवळ गेले तसा तो हळूच म्हणाला, "काका, माझे हातच वर जात नाहीत. दोन रात्री झोपलो नव्हतो. घाबरट आहे मी, दुसरं काय."

मास्तर त्याच्यासमोर उभे राहिले. शर्ट आखूड झाला तर गिऱ्हाईक टेलरला शिव्या देतं. स्वतःचे हात लांब आहेत म्हणून रडणारं गिऱ्हाईक त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

"घाबरट नाहीस," ते म्हणाले. "मुंढा आवळलाय. मीच आवळला."

शिडीने मान वर केली. त्याला ते पटलेलं दिसलं नाही. काकांचं मन मोठं आहे, असंच त्याला वाटलं असावं, कारण तो थँक्यू म्हणाला.

मास्तर दाराशी गेले. बायको दारातच उभी होती. ते काही मागायच्या आत तिने पिशवीतून उसवायचं ब्लेड, सुईदोरा आणि टाचण्यांची डबी काढून त्यांच्या हातात ठेवली.

"तुला कधी कळलं?"

"इस्त्री करताना. आता बोलत बसू नका. पंच शिट्टी घेऊन उभा आहे."

मास्तरांनी शिडीला तसंच उभं केलं, हात वर धरायला लावले, दुहेरी टीप उसवली, राखून ठेवलेली सगळी माया मोकळी केली आणि ओठांत टाचण्या धरून एकेक लावू लागले. आठवड्यापूर्वी करायचं काम ते आता जीव तोडून करत होते.

तेवढ्यात अध्यक्ष आत डोकावले. त्यांनी मास्तरांना पाहिलं, त्यांच्या तोंडातल्या टाचण्या पाहिल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दवाखान्यातली शांतता पसरली.

"मास्तर," ते एका दमात म्हणाले, "यापुढे गोलमध्ये हाच उभा राहील. तुमचं वय झालं आहे. गुडघे वाकत नाहीत. तुम्ही क्लबसाठी जे केलंत ते कुणी केलं नाही, आणि हे आम्ही तुम्हाला फार आधी सांगायला हवं होतं. चूक आमची आहे. थोडं दुखेल."

प्रशिक्षक मागे उभा राहून, आत्ताच मी यांना उतरायला सांगितलंय, अशा खुणा करत होता. अध्यक्षांना त्या दिसल्या नाहीत. मास्तरांच्या तोंडात सहा-सात टाचण्या होत्या. ते म्हणाले, "हं." अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि पुढचा पेशंट बोलावल्यासारखे निघून गेले.

एका बाजूला मास्तर आणि दुसऱ्या बाजूला बायको, असे दोन मुंढे हातशिलाईने झाले. शेवटचा टाका पंचाच्या दुसऱ्या शिट्टीवर पडला.

"हात वर कर," मास्तर म्हणाले. शिडीने केले. ते छताच्या पत्र्याला लागले.

"जा आता. आणि सॉरी म्हणू नकोस कुणाला."

उत्तरार्धात मास्तरांनी सामना पाहिला, असं म्हणता येणार नाही. ते मुंढा पाहत होते. उंच चेंडू आला, शिडी हवेत गेला, फावड्याएवढे दोन पंजे चेंडूवर मिटले, आणि काखेत एक चुणी पडली नाही. सलूनवाला काही बोलला नाही. क्लबने एक गोलही केला आणि सामना दोन-एकने हरला. क्लबच्या मानाने हे जिंकल्यातच जमा होतं.

सामना संपल्यावर शिडी चिखलाने माखलेली जर्सी घडी करून घेऊन आला. "काका, धुऊन आणतो. आई भट्टीवर गरम पाणी ठेवतेच."

"गरम पाणी?" मास्तरांनी जर्सी त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली. "आटून बाहुलीला होईल. दर रविवारी घरी आणून टाकायची. आणि बाही अजून थोडी सोडावी लागेल. मंगळवारी ये."

शिडीने मान डोलावली. मास्तरांनी जर्सी उलटी करून हातशिलाईचे टाके बोटाने चाचपले. बायकोच्या बाजूचे जास्त बारीक होते. ते त्यांनी दोनदा पाहिले.

"म्हणजे धुणं काही सुटलं नाही माझं," बायको म्हणाली, आणि तिने पिशवीचं तोंड उघडून पुढे धरलं.