मी सासूवरचं गाणं नव्हे

मी गाणं बोलतोय. तुम्ही मला ऐकलं नसणार, कारण मी जपानी आहे, त्यातही दूरच्या ओकिनावा बेटावरचा. सध्या मुक्काम अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या एका मराठी स्वयंपाकघरात, आणि मी मजेत आहे.

माझा जन्म गॅरेजमधला. चार पोरांचा रॉक बँड. गिटार, ड्रम आणि आमच्याकडचं तीन तारांचं वाद्य. गाणाऱ्याची आई रोज चौघांना जेवण आणायची आणि आवाज कमी करा म्हणून ओरडायची. तिच्यावरच त्यानं मला रचलं. तुझं कधी ऐकलं नाही, पण तुझ्या हातचं खाऊनच मोठा झालो, एवढंच मी सांगतो. मध्येमध्ये 'ईया सासा' अशी आरोळी येते. आमच्याकडे नाचता-गाताना ती ठोकतातच. तिला अर्थबिर्थ काही नाही, पण तिनंच माझा घात केला.

मला अर्थासकट रुचाकडे पाठवलं तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं, जिची आजी आमच्या बेटावरची. रुचा पुण्याची. तिची आई नुकतीच गेली होती. पोळ्या लाटताना ती मला लावायची आणि डोळे पुसायची. हळूहळू रडणं थांबलं आणि ती माझ्याबरोबर गायला लागली.

मग नागपूरहून तिच्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. शैलजाबाई माणूस चांगलं, पण दोघींचं शब्दांवरून अडायचं. 'भाजीत सांभार टाक' म्हटलं की रुचा सांबार मसाला टाकायची. नागपुरात सांभार म्हणजे कोथिंबीर, हे पुणेकरणीला कोण सांगणार! त्यात रोज संध्याकाळी मी वाजायचो आणि रुचा लाटणं उंचावून, हसत 'ईया सासा' म्हणायची. शैलजाबाईंना ऐकू यायचं, 'या सासू, या सासू'.

त्यांनी मुलाला, परीक्षितला, बाजूला घेऊन तिकीट अलीकडचं करायला सांगितलं. सुनेला मी जड झाले, म्हणाल्या. ते जॅपनीज आहे गं, असं तो म्हणाला. जपानात सासूला सासूच म्हणतात का, असं त्यांनी विचारल्यावर मात्र बिचारा तिकिटांच्या तारखा बघायला लागला. मला फार वाईट वाटलं. आईवरचं गाणं मी, आणि माझ्यापायी एक आई घर सोडून निघाली होती.

दुसऱ्या दिवशी रुचानं त्यांना बॅग भरताना पाहिलं. कारण ऐकून तिनं बॅगेतली साडी बाहेर काढून ठेवली.

"आई, त्यात सासू कुठेच नाहीये हो. ते आईवरचं गाणं आहे," ती म्हणाली. "माझी आई गेल्यावर मी ते लावायला लागले. तुम्ही आल्यापासून मोठ्यानं म्हणते, कारण घरात आई म्हणून हाक मारायला पुन्हा कुणीतरी आहे."

शैलजाबाईंनी बॅग बाजूला सारली. मग म्हणाल्या, "लाव बरं परत."

त्यांनी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. रुचाकडून ओळीओळीचा अर्थ विचारून घेतला. शेवटी डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या, "आणि त्या पोराची आई? आहे ना अजून?"

रुचाला ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक आहे. आहे हो, अजून जेवण आणते आणि अजून ओरडते.

तिकीट होतं तसंच राहिलं. आता आरोळी शैलजाबाई ठोकतात, दर वेळी चुकीच्या जागी, आणि रुचा हसून हसून बेजार होते.

तुम्हीही मला जरूर ऐका, पण आधी आईला फोन करा. मी काय, कधीही वाजेन.