प्रकृती ठीक असल्याची नोंद

"सरळ 'नाही' म्हण. दोन अक्षरं आहेत. जीभ झडणार नाही तुझी," मेहताप म्हणाली.

 प्रोफेसर लुडेमान यांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून वीबके हार्म्स हातातली पेन्सिल उगाच फिरवत होती. दारावर कागद चिकटवलेला होता: तोंडी परीक्षा, शांतता राखा. दहाला पाच कमी होते.

"ऐकतेयस ना? आत गेल्या गेल्या ते विचारतात, तब्येत ठीक आहे का, परीक्षा द्यायच्या स्थितीत आहात का. सगळ्यांना विचारतात, नियमच आहे तो. तू सांगायचं, नाही. वडील जाऊन अकरा दिवस झालेत, झोप नाही, डोकं चालत नाही. संपलं. तारीख पुढे जाते. हा प्रयत्न धरतच नाहीत."

"पुढे म्हणजे ऑक्टोबरात."

"मग? ऑक्टोबरात काय जग बुडतंय?"

"ऑक्टोबरात मी येणार नाही, मेहताप. एकदा घरी जाऊन बसले की मी परत यायची नाही. मला माहितीये ना मी कशी आहे ते."

"तू ना, गाढव आहेस. हुशार गाढव. ते जास्त वाईट." मेहतापने तिच्या दुखवट्याच्या काळ्या स्वेटरवरचा धागा उचलून टाकला. दोघी पहिल्या दिवसापासून एकत्र होत्या. संगणक अभियांत्रिकीच्या त्या वर्गात दीडशे मुलं आणि नऊ मुली होत्या. त्या नऊतल्या आता चारच उरल्या होत्या.

विषयाचं नाव होतं 'संकेत आणि प्रणाली'. नाव ऐकून वाटावं पोस्टातल्या तारखात्याचं काम असेल. प्रत्यक्षात ते दीड फूट जाडीचं गणित होतं, आणि दर वर्षी निम्मा वर्ग त्यात गारद होई. दोनदा लेखी देता येते. तिसऱ्यांदा तोंडी. तिसऱ्यांदा गेलं की गेलं. नुसतं या विद्यापीठातून नाही, तर देशातल्या कुठल्याच विद्यापीठात ही पदवी पुन्हा घेता येत नाही. इतर सगळे विषय पहिल्या झटक्यात सुटलेले असोत, प्रयोगशाळेत तुम्ही सोन्यासारखं काम करत असा, नियमाला त्याचं सोयरसुतक नाही. वीबकेचे बाकीचे सगळे विषय सुटले होते. सातव्या सत्रात होती ती. प्रकल्प लिहायचा आणि बाहेर पडायचं, एवढंच राहिलं होतं.

पहिल्या खेपेला ती प्रामाणिकपणे नापास झाली होती. दुसऱ्या खेपेची गोष्ट वेगळी. त्या दिवशी अंगात एकशे तीन ताप होता. डॉक्टरकडून कागद आणला असता तर ती खेप मोजली गेली नसती. ती तशीच जाऊन बसली, दोन तास थरथरत लिहिलं आणि चार गुणांनी गेली. मेहतापने नंतर जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण वीबकेच्या गावी तापासाठी कुणी डॉक्टरकडे जात नाही. उत्तरेचा तो किनारा सपाट, माणसं मुलखाची मितभाषी. कसं काय म्हणून विचारलं तर उत्तर एकच: चाललंय. घर जळत असलं तरी चाललंय. तिचे वडील अठ्ठावीस वर्षं बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीच्या इंजिनखोलीत होते. या एप्रिलमध्ये छातीत कफ घेऊन ते तीन आठवडे कामावर गेले. कुणी विचारलं की चाललंय. चौथ्या आठवड्यात चाललं नाही. दवाखान्यात नेलं तोवर दोन्ही फुप्फुसं भरली होती. वारल्यानंतर आठवड्याने, मेमधल्या एका शुक्रवारी त्यांना पुरलं, आणि त्याच संध्याकाळी आईने चहा गाळता गाळता विचारलं, "परीक्षा कधी आहे गं तुझी?"

"मंगळवारी. पुढे ढकलता येते म्हणतात."

"कशाला?" आई म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं की कशाला.

दहाला दार उघडलं. मेहतापने तिचा हात गच्च दाबला. "नाही म्हण," ती पुटपुटली.

खोलीत दोघंजण होते. प्रोफेसर लुडेमान, साठीचे, हाडकुळे, नेहमी एकच तपकिरी कोट घालणारे. आणि टोर्गे, त्यांच्याकडे संशोधन करणारा तरुण. प्रश्नोत्तरांची नोंद लिहायला तो बसला होता. टोर्गे तिला चांगला ओळखत होता. तळघरातल्या प्रयोगशाळेत ती पहिल्या वर्षाच्या मुलांना विजेची मंडलं, म्हणजे सर्किटं, जोडायला शिकवायची. त्याचं बिघडलेलं मोजयंत्र तिने दोनदा दुरुस्त करून दिलं होतं. आज त्याने तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. त्याला पाहवत नव्हतं, हे उघड होतं.

"बसा, हार्म्सबाई. पाणी घ्या." लुडेमाननी कागद सरळ केला. "सुरू करण्यापूर्वी विचारावं लागतं. तुमची प्रकृती ठीक आहे ना? परीक्षा देऊ शकाल असं वाटतं का तुम्हाला?"

"हो," वीबके म्हणाली.

टोर्गेची लेखणी कागदावर टेकली नाही. लुडेमाननी चष्मा काढला. त्यांची नजर तिच्या काळ्या स्वेटरवरून फिरून परत चेहऱ्यावर आली.

"विचार करून सांगा. घाई नाही. तुमचं उत्तर लिहिलं जातं. एकदा लिहिलं की मला ते पुसता येत नाही."

माणसाने याहून जास्त काय करायचं? दार सताड उघडून तो बाजूला उभा होता. वीबकेला ते कळलं. तिने तोंड उघडलंही. पण आपले वडील वारले, हे वाक्य या खोलीत, या दोन पुरुषांसमोर सवलत मागण्यासाठी वापरायचं, या विचारानेच तिला लाज वाटली. वडिलांची लाज नव्हे, मागण्याची. तिच्या घरात आजवर कुणी काही मागितलं नव्हतं.

"ठीक आहे मी. चाललंय," ती म्हणाली.

टोर्गेने लिहून घेतलं.

सुरुवात वाईट झाली नाही. चौकोनी लहर काढा म्हणाले, तिने काढली. ती कशाकशाची बनते विचारलं, तिने सांगितलं. लुडेमान मान डोलवत होते. दहाएक मिनिटं असं वाटलं की होतंय, गाडी रुळावर आहे.

मग त्यांनी फळ्याकडे बोट दाखवलं. "दोन आकृत्या घ्या. एकीवरून दुसरी सरकवत न्या आणि काय उरतं ते दाखवा." हे तिने गेल्या महिन्यात साठ वेळा केलं होतं. वहीच्या वही भरून. तिने पहिली आकृती काढली, दुसरी काढली, आणि हात थांबला. खडू फळ्यावर टेकलेला आणि डोकं धुतल्या पाटीसारखं कोरं. फक्त दवाखान्यातल्या त्या यंत्राचा आवाज येत होता, जे वडिलांना श्वास देत होतं.

"डावीकडून सुरू करा," लुडेमान म्हणाले.

ती उजवीकडून सुरू झाली.

"बरं, हे राहू द्या. दुसरं बघू." ते दुसऱ्याकडे वळले, तिथून तिसऱ्याकडे. प्रत्येक प्रश्न आधीच्यापेक्षा सोपा होता आणि प्रत्येक सोपा प्रश्न तिला जास्त घाबरवत होता, कारण ते पायरी पायरीने खाली उतरताहेत हे तिला दिसत होतं. शेवटी ते तळाशी पोचले.

"आवाज संगणकात साठवायचाय. आवाजातली सगळ्यात वरची वारंवारता तुम्हाला ठाऊक आहे. तर सेकंदाला किती नमुने घ्याल? त्या वारंवारतेच्या किती पट?"

या विद्याशाखेत हे सगळ्यांना येतं. झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. दुपटीहून जास्त.

"निम्मे," वीबके म्हणाली.

 टोर्गेने मान खाली घातली.

"कशाच्या निम्मे?"

"वारंवारतेच्या."

"पुन्हा एकदा विचार करा, हार्म्सबाई."

तिने विचार केला. जिवाच्या आकांताने केला. "निम्मे," ती म्हणाली, आणि या वेळी अगदी ठामपणे.

निकाल ठरेपर्यंत उमेदवाराने बाहेर थांबायचं असतं. मेहताप बाकावर नखं खात बसली होती. वीबकेचा चेहरा पाहून तिने परीक्षा कशी झाली ते विचारलं नाही. विचारलं ते एवढंच: "म्हणालीस?"

"नाही."

"नाही म्हणालीस?"

"हो म्हणाले."

मेहताप भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.  आतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. टोर्गे कधी नव्हे तो चढ्या आवाजात काहीतरी सांगत होता. लुडेमानांचा आवाज येत नव्हता. चार मिनिटं, सहा मिनिटं. पास करायला इतका वेळ लागत नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

दार उघडलं तेव्हा लुडेमान उभेच होते. बसून सांगण्याची गोष्ट नव्हती ती.

"मला तुम्हाला उत्तीर्ण करता येत नाही. मी खूप शोधलं. टोर्गेनेही शोधलं. कागदावर काहीच नाही ज्याला धरून मी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "पत्र परीक्षा कार्यालयाकडून येईल. चार-पाच दिवसांत."

"दुप्पट," वीबके म्हणाली.

"हो."

"मला माहीत होतं."

"मला माहीत आहे की तुम्हाला माहीत होतं," लुडेमान म्हणाले. "सुरुवातीला मी दोनदा विचारलं होतं. का नाही सांगितलंत?"

 तिने हात पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. टोर्गे खिडकीकडे तोंड करून कागद लावत होता.

बाहेर मेहताप रडली, वीबके नाही. "वकील करू," मेहताप म्हणाली. "मृत्यूचा दाखला जोडू. अर्ज करू."

"काय अर्ज करणार? मी स्वतःच्या तोंडाने सांगितलंय ठीक आहे म्हणून. लिहिलंय त्यांनी."

"मग आता?"

"आता दोनला प्रयोगशाळा आहे."

"वेडी झालीस का? मी सांगते त्यांना, आजारी आहे म्हणून."

"अठरा पोरं येतात, मेहताप. त्यांच्या कागदावर सही झाली नाही तर त्यांचा प्रयोग धरत नाहीत. पत्र येईपर्यंत मी इथली विद्यार्थिनी आहे. माझी सही चालते."

आणि ती खरंच गेली. तळघरात उतरून दिवे लावले, पेट्या मांडल्या, फळ्यावर नेहमीप्रमाणे आपलं नाव, वार आणि वेळ लिहिली. मुलं आली. एकोणीस-वीस वर्षांची, दंगेखोर, दर वाक्याला खिदळणारी. वीबके एकेका टेबलाशी वाकून तारा तपासत फिरली. तिचा हात एकदाही चुकला नाही. दिवा पेटत नाही म्हणून कुणी हाक मारली की ती तिथे पोचायच्या आधीच तिला दिसायचं कुठे घोडं पेंड खातंय ते. हे तिला येत होतं. याच्याइतकं जगात तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि चार-पाच दिवसांनी याचा काही उपयोग उरणार नव्हता. ती आतून पार मोडली होती, आणि हात मात्र काम करत होते.

कोपऱ्यात इम्के नावाची मुलगी डोळे पुसत होती. तिचं मंडल तीनदा बंद पडलं होतं.

"मला नाही जमणार हे. सोडून देते मी. मी यासाठी नाहीच."

वीबके तिच्या शेजारी बसली. एक तार काढली, जोडपाटीवर एका भोकाने सरकवून लावली. हिरवा दिवा लागला. "इथे होतं बघ. एका भोकाचा फरक. तू नाही चुकलीस, तार चुकली."

"तुम्हाला कसं लगेच दिसतं सगळं. तुम्ही आता इंजिनियर होणार ना लवकरच?"

वीबकेने तिचा कागद ओढून घेतला आणि सही केली. मग म्हणाली, "इम्के, एक सांगू? कधी बरं नसलं ना, अंगात नाहीतर मनात, तर सांगून टाकायचं. कुणी विचारलं की पहिल्यांदाच सांगायचं. कळलं?"

"हो," इम्के म्हणाली. तिला कशाचं काय ते कळलं नव्हतं. ती दिव्याकडे बघून हसत होती.

पावणेचारपर्यंत अठरा सह्या झाल्या. तिने पेट्या मोजून कपाटात ठेवल्या. मुलं जॅकेटं चढवत होती. जाता जाता कुणीतरी बोटांच्या पेरांनी टेबल वाजवलं. तास आवडला की इथे टाळ्या वाजवत नाहीत, असं टेबल वाजवतात. एकाने वाजवलं म्हणून दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच. अठरा जणांची ती टकटक तळघरात चांगली घुमली. वीबके हात बाजूला सोडून उभी राहिली, टकटक थांबेपर्यंत.

"पुढच्या मंगळवारी भेटू!" इम्के दारातून ओरडली.

खोली रिकामी झाली. वीबकेने फडकं घेतलं आणि फळ्यावरचं आपलं नाव पुसलं. खालचं 'मंगळवार, दुपारी दोन' तिने तसंच ठेवलं. मुलं तर येणारच होती.