अडचणीचा अ

द्वारकाबाईंनी कापडी पिशवीतून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, गुंडाळीचं रबर मनगटात चढवलं आणि जानेवारीपासूनची पानं डॉक्टरांच्या टेबलावर पसरली. गॅस लावल्याच्या तारखा, संकष्ट्या, आणि मधूनमधून चौकटीत एकटाच बसलेला अ.

"धाप कधीपासून लागते, एवढंच विचारलं होतं मी," डॉ. उल्का केतकर म्हणाल्या. "तुम्ही तर भिंतच घेऊन आलात."

त्या छातीच्या डॉक्टर. प्रश्न साधा, पण आठ दिवस घरात कुणालाच त्याचं नीट उत्तर देता आलं नव्हतं. द्वारकाबाईंच्या लेकीला, प्रियदर्शनीला, पाळीच्या दुखण्याने चार वर्षं पिळून काढलं होतं. गर्भपिशवीचं अस्तर नको तिथे वाढतं, एंडोमेट्रिओसिस म्हणतात, असं निदान झालं आणि अठरा जूनला हार्मोनची गोळी सुरू झाली. पाळी थांबली, दुखणं थांबलं. खराडीच्या कंपनीत पोरगी पहिल्यांदाच महिनाभर सुट्टी न घेता गेली. आणि ऑगस्टात, जिना चढताना धाप लागते, असं ती पहिल्यांदा बोलली. सप्टेंबरात छातीचा स्कॅन झाला, तर दोन्ही फुफ्फुसांत बारीक बारीक पोकळ्या! एक दुखणं जरा बसतंय तोवर दुसरं उठलं. लेकीचं नेमकं बिघडलंय तरी कुठे, हे द्वारकाबाईंना कळेनासं झालं होतं. पोट सोडून रोग छातीत कसा चढतो?

डॉक्टरांनी मागच्या खेपेलाच दोन वाटा दाखवल्या होत्या. धाप गोळीनंतरची असेल तर गोळीचा दोष असू शकतो. ती बंद करून वाट पाहता येईल, कदाचित उतारही पडेल. आधीची असेल तर मात्र हा वेगळाच आजार, लाखांत एखादीला होणारा. तो पुरता जात नाही.

द्वारकाबाईंचा निकाल केव्हाच लागला होता. दोष गोळीचाच. आणि त्या गोळीच्या डॉक्टरकडे लेकीला नेलं कुणी? जावयाने. तेव्हापासून त्या उत्तरेश्वरला भाकरी वाढत, पण 'अजून घ्या' म्हणायचं त्यांनी सोडलं होतं. आताही प्रियदर्शनी आईशेजारी बसली होती आणि तो दाराशीच उभा होता, गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र चाळवत.

"हे सगळीकडे अ, अ, अ," डॉक्टर पानं उलटत म्हणाल्या. "पुढे आ कधी येतो? काय आहे हे?"

"अडचण," द्वारकाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या.

"अडचण," त्याच वेळी उत्तरेश्वरही म्हणाला.

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "बरं. पण एप्रिलात पाच वेळा अडचण? आणि गोळीने पाळी बंद, तरी जुलैत सहा वेळा?"

"छ्या, मी महिन्याला एकच काढते," द्वारकाबाई गोंधळल्या. "पहिल्या दिवशी. देवाचं करायला बरं पडतंय. जूननंतर तर मी काढलाच नाही की!" त्यांनी चष्मा सावरला. एप्रिलच्या पानावर त्यांचा शिसपेन्सिलीचा वाकडा अ होता. बाकीचे चार निळ्या पेनाचे, नेटके.

"निळे माझे आहेत," उत्तरेश्वर म्हणाला. "आईंना मी विचारलं होतं, अ म्हणजे काय. त्या म्हणाल्या, अडचण. आदल्याच दिवशी ही जिन्यात थांबली होती. श्वासाची अडचण. मला वाटलं, आई तेच लिहितायत. मग मला दिसेल तेव्हा मीही लिहायला लागलो."

हा घोळ सगळ्यांत आधी प्रियदर्शनीच्या ध्यानात आला. ती घरात 'पिरिअड्स' म्हणायची. दहाव्या वर्षापासून वसतिगृहात वाढलेल्या तिच्या नवऱ्याला बायकांच्या बोलीतली ही अडचण कुठून माहीत असणार? आणि जावयापुढे ती फोड करून सांगायची म्हणजे आईच्या जिवावर आलं असणार.

"तू मला का नाही बोललास?" तिने विचारलं.

"मी कंपनीत दिवसभर हेच करतो गं. चूक दिसली की तारीख टाकून नोंदवायची. मला वाटलं, तुम्हा दोघींना ठाऊकच आहे, आणि कॅलेंडर तर डॉक्टर बघणारच होत्या."

डॉक्टरांनी पहिल्या निळ्या अ वर बोट ठेवलं. नऊ एप्रिल. अठरा जून त्याच्या पुढे कितीतरी लांब होता.

"मग गोळीचं काय?" द्वारकाबाईंनी विचारलं, कळून चुकलं होतं तरी.

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला, आजी. फांदी आधीच मोडत आली होती. गोळीने भर घातली असेल, म्हणून ती बंदच करू. पण आजार तिचा नाही." मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "थोपवायला औषध आहे. लवकर धरलं तर बरं. ह्या तारखा नसत्या तर मी वाट पाहत बसले असते."

द्वारकाबाईंना रडू आलं. लेकीसाठी तर आलंच, पण त्यात शरमही होती, आणि ती कुठे ठेवावी हे त्यांना कळेना.

घरी लिफ्ट बंदच होती. दुसऱ्या मजल्यावर प्रियदर्शनी कठडा धरून थांबली. उत्तरेश्वर एक पायरी खाली उभा राहिला. द्वारकाबाईंनी हे रोज पाहिलं असणार. आज त्यांना ते दिसलं.

वर आल्यावर त्यांनी कॅलेंडर खिळ्याला लावलं. उत्तरेश्वरने खिशातून पेन काढलं.

"अ नका काढू," त्या म्हणाल्या. "धाप लिहा, चांगला अख्खा शब्द. अडचण म्हणजे पाळी असते, जावईबापू."

बोलून गेल्यावर त्या स्वयंपाकघरात वळल्या. जेवताना त्यांनी त्याच्या ताटात न विचारताच दुसरी भाकरी टाकली.

"अजून घ्या," म्हणाल्या.