दाराआडचं फावडं

दोन हजार बावीस साल. उन्हाळ्याचा दुसरा महिना. पावसाने पाठ फिरवल्याला तिसरं वर्ष सरत आलं होतं. मी एका शेतकरी घरातलं फावडं. बडबडीची मला सवय नाही. खुपसायचं आणि उचलायचं, एवढंच माझं काम. पण ते मी चोख केलं आहे, म्हणून सांगतो.

एका लोहाराने मला मोडक्या नांगराच्या पोलादातून घडवलं. दांडा तीनदा बदलला, पातं तेच आहे. मला आत्याच्या वडिलांनी आणलं. आत्या म्हणजे आताची घरची कर्ती. तिने लग्न केलं नाही, शेत केलं. भाऊ गेल्यावर भाच्यालाही तिनेच वाढवलं. तो आता बाप्या माणूस झालाय, पण आत्याच्या लेखी अजून शेंबडाच.

आत्या लहान असतानाचा दुष्काळ मी पाहिला. पाऊस नव्हता हे खरं, पण गोष्ट तेवढीच नव्हती. सगळ्यांनी होतं नव्हतं ते गवत उखडून जमीन उघडी केली होती. माती पिठासारखी बारीक केली की ओल आत कोंडून राहते, अशी या लोकांची ठाम समजूत. कोरड्या सालातही कुळव चालूच. मग वारा सुटला. क्षितिजावर धुळीची काळी भिंत उभी राहिली आणि चालत आली. कोंबड्या भरदुपारी खुराड्यात शिरल्या. ताटं पालथी घालून ठेवायची, घास घेताना सुलटी करायची, अशी जेवणं झाली.

तेव्हा माझा मुक्काम घरात, दाराच्या आत. बाकीची अवजारं गोठ्यात. रात्रीत दाराबाहेर मातीचा ढीग साचायचा, सकाळी दार उघडेल याचा भरवसा नव्हता. वडील खिडकीतून उतरायचे, आई मला मागून बाहेर द्यायची, आणि मग आम्ही दार मोकळं करायचो. घराला माझा असा आधार होता.

पुढे पाऊस आला, गवत पेरलं, बांधावर झाडं लावली. मला गोठ्यात हलवलं. मान गेला, गंज आला. वाईट वाटलं नाही. घर सुखात होतं.

आता पुन्हा कोरडं. सरकारच्या मृदा खात्यातल्या बाई गोठ्याच्या सावलीत बसून आत्याला समजावत होत्या. दूरचा समुद्र तापला किंवा थंडावला की पावसाची वाट बदलते. हवा पूर्वीपेक्षा गरम आहे, ती जमिनीतली उरलीसुरली ओलही शोषून घेते. त्यात खोल विहिरींनी जमिनीच्या पोटातलं पाणी उपसलेलं. आत्याने विचारलं, ती जुनी वादळं परत येतील का? बाई म्हणाल्या, दुष्काळ तर येतच राहणार. गवताने माती धरून ठेवली तर वादळाला उडवायला काही मिळणार नाही.

भाचा तिथेच होता. मान डोलवत होता. धान्याला भाव चढला तसा त्याने आत्या बहिणीकडे गेल्याचं पाहून बांधालगतचा गवताचा पट्टा नांगरला. वर कुळवून पिठासारखा बारीक केला. ओल राहावी म्हणून! आजोबांची समजूत त्याला कुणी न शिकवता आली होती.

वारा आला. मोठा नव्हे, साधाच. पण तो पट्टा उठला आणि शेजारच्या उशीररावांच्या चारीत जाऊन बसला. उशीरराव म्हणजे स्वतःच्या लग्नालाही उशिरा पोहोचलेला माणूस. त्या चारीतून तळ्यातलं उरलेलं पाणी त्यांच्या चाऱ्याला जायचं. चारी बुजली, चारा माना टाकू लागला. चारा वाळला तर गायी विकाव्या लागणार होत्या, आणि बायको गेल्यापासून गायींखेरीज त्या माणसाला दुसरं कुणी नव्हतं.

आत्या परतली. बांधावर उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"वाऱ्याने नेली, आत्या. मी नेली का?" भाचा म्हणाला.

"वारा त्या पलीकडच्या गवतावरूनही गेला. तिथली का नाही नेली?"

भाच्याने पलीकडच्या गवताकडे पाहिलं.

"माती आपली आहे. दुसऱ्याच्या दारात पडलीय. उचलून आण."

त्याने मला गोठ्यातून काढलं, गंज घासला. उशीरराव त्या दिवशी आधीच चारीवर येऊन बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा वेळेआधी. त्यांनी सांगून टाकलं, "हे बघ, तुमची माती तांबूस, माझी काळी. माझी उचलशील तर तुझ्या आत्याला सांगेन."

"काका, तुम्ही चाळून द्या, मी भरतो."

"चाळणी तुझ्या आत्याकडे आहे. तिने तुलाच चाळला असता तर बरं झालं असतं."

भाचा हसला. मग आम्ही दोघेही राबलो. मी खुपसत गेलो, तो हातगाडी भरत गेला, रिकामी करायला आत्या पलीकडे उभी. उघड्या पट्ट्यावर माती पसरायची, वर जुनं काड अंथरायचं, गवताचं बी टोचायचं. हाताला फोड आले तरी भाचा थांबला नाही. चारीचा काळा तळ दिसू लागला तसा उशीररावांनी तळ्याच्या तोंडाचा दगड काढला. पाणी आलं, अडखळलं, पुढे गेलं. चाऱ्याच्या मुळाशी पोहोचलं.

काठावर थोडी तांबूस माती उरली होती. उशीरराव म्हणाले, "राहू दे एवढी."

"नको, काका," भाचा म्हणाला. त्याने मला काठाला लावलं, ती खरवडून घेतली आणि बांधापलीकडे आत्याच्या पायाशी टाकली. देणं फिटलं.