प्रॅक्टिकली स्वच्छ

थोरल्या दिरांच्या तोंडी एक शब्द सतत असायचा: प्रॅक्टिकली. बसथांब्यासमोर त्यांचं तीन मजली लॉज होतं, आणि धाकटी सून लग्न होऊन आली ती थेट तिथल्या चादरी-टॉवेलांच्या कामाला जुंपली गेली. शाळेत तिने या शब्दाचे दोन अर्थ पाठ केले होते, 'व्यवहारात' आणि 'जवळजवळ'. दिरांकडे मात्र गरज पडेल तसा अर्थ निघायचा. गिऱ्हाईक नको असलं की अर्ध्या खोल्या रिकाम्या असतानाही लॉज प्रॅक्टिकली फुल्ल. हवं असलं की डागाळलेल्या गाद्या प्रॅक्टिकली नव्या. पाहुणा बदलला की चादर बदलायची हा नियम होता, पण प्रॅक्टिकली तसं कोणी करत नाही, असं त्यांनी तिला पहिल्याच आठवड्यात समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि चादरी बदलत राहिली.

नवरा मवाळ. दादाच्या शब्दाबाहेर जायची हिंमत नव्हती, पण खोलीचं दार लावलं की दादाची अशी हुबेहूब नक्कल करायचा की ती हसून हसून बेजार व्हायची. "आपलं लग्न प्रॅक्टिकली झालंय बरं का," म्हणायचा. तेवढ्यावर तिचे दिवस बरे चालले होते.

एका सकाळी वरच्या मजल्यावर उतरलेल्या औषधविक्रेत्याने पेला आणून काउंटरवर ठेवला. पाण्यात राखाडी पीस तरंगत होतं. ती आणि नवरा गच्चीवर गेले. टाकीचं झाकण सरकलेलं. आत कबूतर होतं, फुगून दुप्पट झालेलं, एक पंख सुटत आलेला, आणि भोवती पाण्यावर सायीसारखा थर. तो वास नाकात न थांबता घशातच उतरला. सकाळचा चहा याच पाण्याचा होता हे तिला आठवलं आणि ती कठड्याला धरून भडाभडा ओकली.

दीर वर आले. त्यांनी बादलीने कबूतर काढलं, पिशवीत घालून गाठ मारली आणि टाकीत जंतुनाशक पावडर भुरभुरवली. संध्याकाळी सहलीची बस यायची होती. टाकी रिकामी केली तर दुसऱ्या दिवशीपर्यंत नळाला थेंब येणार नव्हता.

"एवढी मोठी टाकी, एवढासा पक्षी," ते म्हणाले. "पाणी प्रॅक्टिकली स्वच्छ आहे."

तिला वाटलं, आता सापडले तावडीत. "मग भाऊजी, तुम्हीच प्या की थोडं."

ते प्याले. तिथलंच एक डबडं टाकीत बुडवलं, घटाघटा रिकामं केलं, मिश्या पुसल्या, आणि पुन्हा भरून भावापुढे धरलं. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. ती नको नको म्हणून मान हलवत होती.

"अगं, जरा प्रॅक्टिकली विचार कर," तो म्हणाला. या वेळी तो नक्कल करत नव्हता. आणि तोही प्याला.

कबुतराची किळस ओकून निघून गेली होती. ही दुसरी मात्र आत ठाण मांडून बसली. नवऱ्याचे ओले ओठ, गळ्याची वरखाली होणारी घाटी, दादाकडे बघून केलेलं ते ओशाळं हसू. तिला बघवेना. तिने वाकून टाकीच्या तळाची चावी उघडली आणि पाणी पार संपेपर्यंत तिथेच उभी राहिली. दीर नाही नाही ते बोलले. नवऱ्याने जिन्याकडे तोंड फिरवलं.

बसची माणसं दुसरीकडे उतरली. दिरांनी तिच्याशी बोलणं टाकलं, जाऊ ताट आदळून पुढे सरकवू लागली. ते ती सोसत होती. पण नवरा नेहमीसारखाच वागत होता, हे काही सोसवेना. तो जवळ आला की तिची नजर त्याच्या ओठांवर जायची आणि अंगावर काटा यायचा. भांडण असं झालंच नाही. थोड्या दिवसांनी ती मावशीकडे राहायला गेली आणि तिने तिथल्या गल्लीच्या टोकाच्या लाँड्रीत काम धरलं.

एके दुपारी तो तिथे आला, बाकावर बसला. दादाने टाकीला जाळी बसवलीय, म्हणाला. घरी चल, म्हणाला.

तिने विचारलं, "त्या पाण्याचा तुम्हाला काही त्रास झाला का?"

"छे! दादाला नाही, मलाही नाही. साधं पोटसुद्धा बिघडलं नाही."

"त्याचीच मला भीती वाटते," ती म्हणाली, आणि पुढच्या चादरीला हात घातला.