बिस्किटांची शिट्टी

लेक राजनंदिनी नर्सिंगची परीक्षा पास होऊन आज घनसावंगीला घरी येणार होती, आणि धर्मराजच्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं. पेढे काय, कोणीपण आणतं! तिला आपल्या हातची साखरेची बिस्किटं खाऊ घालायची, असं त्यानं ठरवूनच टाकलं. बायको कापूस वेचायला गेल्ती, त्यामुळं टोकायला कुणी नव्हतं.

त्यानं तूप आणि पिठीसाखर फेटली, मैदा मळला, वाटीनं गोल पाडले. मोबाइलमध्ये दाखवलं तसं कुकरच्या तळाला मीठ पसरलं, त्यावर बिस्किटांची ताटली ठेवली, झाकणाची शिट्टी काढून खिशात घातली आणि गॅस पेटवला. मग ऐटीत पाटावर बसला. भाताला तीन शिट्ट्या लागतात, बिस्किटांना दोन बस झाल्या!

शिट्टी काही होईना. घरभर खमंग वास सुटला, मग जरा करपटही.

"हो की गं बाई!" तो कुकरवरच डाफरला.

तेवढ्यात राजनंदिनी बॅग घेऊन दारात. "अप्पा, काय जळून राह्यलं?"

"गप बस. शिट्टी व्हायची हाय अजून."

तिनं झाकण पाहिलं, अप्पाचा फुगलेला खिसा पाहिला आणि हसत हसत गॅस बंद केला. बिस्किटं खालून काळी पडल्ती. धर्मराजचं तोंड एवढंसं झालं.

त्यातलंच एक उचलून तिनं फुंकर घालत कुडुमकुडुम खाल्लं. मग पाखरं हाकलायला अप्पानंच शिकवल्ती तशी, दोन बोटं तोंडात घालून जोरात शिट्टी वाजवली.

"ही एक झाली, अप्पा. आता दुसरं बिस्कीट द्या, मंग दुसरी."