बाहेर म्हणजे कुठे

श्वासाकडे लक्ष द्या म्हणे. दिवसभर वाफेत उभं राहून लोकांच्या चादरी धुणाऱ्या बाईला कुणी असं सांगितलं तर तिने काय करावं? मी तर पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला होता.

आमची लाँड्री मोठ्या हॉटेलांची. चादरी, अभ्रे, टॉवेल, वेटरांचे कोट, सगळं आमच्याकडे येतं. मॅनेजरच्या डोक्यात कुठून आलं देव जाणे, त्याने रोज सकाळी कामाआधी आम्हाला ध्यानाला बसवायला एक बाई आणली. तिला आम्ही शांतताबाई म्हणायचो. मनाने वाईट नव्हती बिचारी. घड्या घालायच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरायच्या, तिने पितळेची वाटी लाकडी दांडीने वाजवायची, आम्ही डोळे मिटायचे आणि वाटी पुन्हा वाजली की उठून कामाला लागायचं. एवढंच.

आता खरी गंमत ऐका. हॉलला लागूनच डाग काढायचा विभाग, मध्ये दार नाही. तिथल्या रसायनाची वाफ ओढून घ्यायला भिंतीत मोठा पंखा. शांतताबाई पहिल्या दिवशी सहज म्हणाली, हा आवाज जरा कमी होईल का? मॅनेजरने तत्परतेने पंखाच बंद करून टाकला. तेव्हापासून रोज श्वासाकडे लक्ष द्यायच्या वेळी पंखा बंद. म्हणजे आम्ही नाक भरभरून काय घेत होतो ते तुम्हीच समजा.

आणि ती वाटी ठेवायची कशावर? तर नव्या फिल्टरच्या खोक्यावर. पंख्यातून बाहेर जाणारी वाफ गाळायला तो फिल्टर कधीचा आणून ठेवला होता, पण बसवायचा तर एक पाळी काम थांबवावं लागणार, म्हणून खोकं तसंच पडून. त्यावर पांढरी चादर मीच घालायचे, कडेला चुण्या पाडून, अगदी सुबक. चादर घालताना रोज तळपायाची आग मस्तकात जायची आणि रोज मी मूग गिळून गप्प बसायचे.

माझ्या थोरल्या जाऊबाई मात्र वेगळ्या. त्या डाग विभागातच कामाला. पहिल्या दिवसापासून त्यांनी ते बसणं मनावर घेतलं. तशा त्या घरीही पहाटे चूल पेटवण्याआधी थोडा वेळ डोळे मिटून बसायच्या. त्याला काही नाव नव्हतं. विचारलं तर म्हणायच्या, जरा स्वतःची विचारपूस करते. इथे त्या सगळ्यांत पुढे बसायच्या आणि खोकायच्या. खोकला दाबायला पदर तोंडात धरायच्या, डोळ्यांत पाणी यायचं, पण उठायच्या नाहीत. डॉक्टरने सांगितलं होतं, हवा बदला. हवा बदलायची म्हणजे काय, ती काय पडद्यासारखी धुऊन टांगायची?

एके दिवशी शांतताबाई नेहमीसारखी म्हणाली, श्वास सोडताना सगळं नको ते बाहेर जाऊ द्या. जाऊबाईंनी डोळे उघडले.

"बाहेर म्हणजे कुठे?" त्यांनी विचारलं.

शांतताबाई गोंधळली. बाहेर म्हणजे, आकाशात, असं काहीतरी म्हणाली. जाऊबाईंनी मान हलवली आणि डोळे मिटले. माझ्या मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. कारण त्या पंख्याचं तोंड आकाशात नाही, आमच्या गल्लीत उघडतं. लाँड्रीच्या मागे आमची घरं. पंखा सुरू झाला की सासूबाई खिडकी लावून घ्यायच्या. भिंतीवरचा वेल पंख्याच्या बाजूने पार करपलेला, दुसऱ्या बाजूने हिरवा. म्हणजे पंखा बंद असला की आम्ही मरायचं, चालू असला की घरच्यांनी मरायचं. त्या संध्याकाळी जाऊबाई करपलेली पानं खुडताना मला म्हणाल्या, "आपण जे सोडतो ना धाकटे, ते कुणीतरी घेतंच." मी म्हटलं, हे त्या मॅनेजरला जाऊन सांगा. त्या नुसत्या हसल्या.

पुढच्याच आठवड्यात मॅनेजरने जाऊबाईंना बोलावलं. हॉटेलची मोठी माणसं येणार होती. आमच्या लाँड्रीत कामगारांच्या मनाची आणि निसर्गाची कशी काळजी घेतात ते बघायला, फोटो काढायला. तुमच्या खोकल्याने शांतता बिघडते, तो म्हणाला, त्या दिवशी घरीच थांबा. आणि खोकला नाहीच गेला, तर मग कायमच्या घरी थांबा.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या तोंडाचा जो पट्टा सुटला तो सासूबाई गप्प बस म्हणेपर्यंत सुटलाच. जाऊबाईंच्या पगारावर त्यांच्या लेकीचं शिक्षण चाललेलं, थोरले दीर कधीच गेलेले. त्या रसायनानेच त्यांना खोकला दिला आणि आता त्या खोकल्यासाठी त्यांनाच हाकलणार. ह्याला न्याय म्हणतात? मी म्हटलं, उद्या त्याच्या टेबलापुढे जाऊन उभी राहते. जाऊबाई म्हणाल्या, उभं नको राहूस. आपण बसू. मग त्या लाँड्रीतल्या एकेकीच्या दारात जाऊन आल्या. काय बोलल्या मला माहीत नाही, पण कुणी नाही म्हटलं नाही.

पाहुण्यांच्या दिवशी जाऊबाई धुतलेली साडी नेसून आल्या आणि आपल्या जागेवर, सगळ्यांत पुढे बसल्या. मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण पाहुण्यांसमोर बोलतो काय, कप्पाळ? वाटी वाजली. पंखा बंद झाला. आम्ही डोळे मिटले. आणि जाऊबाई खोकल्या. ह्या वेळी पदर तोंडात घेतला नाही. मोकळेपणाने, छाती भरून खोकल्या. मागून कुणीतरी खोकलं. मग आणखी कुणी. कितीजणी तो खोकला दाबून बसत होत्या ते मला त्या दिवशी कळलं.

पुन्हा वाटी वाजली. कुणीच उठलं नाही.

शांतताबाईने परत वाजवली. सगळ्याजणी जागच्या जागी. आत धुलाईची यंत्रं भरून थांबलेली, इस्त्रीचे रूळ गार. मॅनेजर कुजबुजला, झालं, उठा आता. कुणी पापणी हलवली नाही. खोकल्याचा आवाज बुडवायला त्याने धावत जाऊन पंखा चालू केला.

"बंद करा तो," जाऊबाई म्हणाल्या.

"अहो, तुम्हालाच बरं वाटेल," मॅनेजर म्हणाला.

"मला बरं वाटेल. मागे गल्लीत माझी सासू बसलीय. तिला काय वाटेल?"

ज्या बाईला श्वास पुरत नव्हता ती पंखा नको म्हणत होती. मी उठले. पंखा बंद केला, सरळ त्या खोक्यापाशी गेले, शांतताबाईच्या हातात तिची वाटी दिली आणि चादर ओढली. खोक्यावर फिल्टरचं चित्रच होतं, वाचायची गरज नव्हती. हॉटेलच्या एका बाईने विचारलं, हा अजून लावला नाही का? मॅनेजर घाम पुसत म्हणाला, लावणारच आहोत.

"हा लागेपर्यंत आम्ही श्वासाकडे लक्ष देतोय," मी म्हटलं आणि रसायनाच्या पिंपांवर झाकणं टाकून जागेवर येऊन बसले.

मॅनेजरने फोन करून बोलावलेला मिस्त्री दुपारी आला. पंख्याला फिल्टर लागला, पंखा फिरला, तेव्हाच आम्ही उठलो. संध्याकाळी जाऊबाईंनी सासूबाईंची खिडकी स्वतः उघडली. सासूबाई ओरडल्या, लाव ती, वास येईल. जाऊबाई म्हणाल्या, घेऊन तर बघा. सासूबाईंनी आधी नुसतं हुंगलं, भीत भीत. मग डोळे मिटून खोल श्वास घेतला.

पण मॅनेजर ही जात गप्प बसते का? दुसऱ्या दिवशी फाटकावर रखवालदाराने जाऊबाईंना अडवलं. तुम्हाला आत सोडायचं नाही, असा हुकूम आहे, तो खाली बघत म्हणाला. जाऊबाईंनी वाद घातला नाही. तिथेच, फाटकाच्या मधोमध, मांडी घालून बसल्या आणि डोळे मिटले. मी शेजारी बसले. मागून येणाऱ्या एकेकजणी बसत गेल्या. हॉटेलची गाडी आली, भोंगे वाजवायला लागली. आतून मॅनेजर रखवालदाराच्या नावाने ओरडत होता.

तेवढ्यात पिशवी घेऊन शांतताबाई आली. आमच्याकडे बघितलं, फाटकाकडे बघितलं. मला वाटलं, आता ही आमची समजूत काढणार. तिने चपला काढल्या, जाऊबाईंच्या समोर धुळीतच बसली आणि वाटी पुढे ठेवली. दांडी मात्र तिने पिशवीतून काढलीच नाही.